पीळ सैल पडला तेव्हा

मित्रांनो, मी दोर वळणारं एक जुनं यंत्र आहे. अंगावरचा हिरवा रंग ठिकठिकाणी उडालेला, बूड जमिनीत पक्कं रोवलेलं, आणि आवाज असा की शेजारी उभ्या माणसाला ओरडून बोलावं लागतं. एवढं धिप्पाड यंत्र, पण मनाने भित्रं. लोखंडाला कसली आलीय भीती, असं तुम्ही म्हणाल. पण ज्याने वळलेल्या दोराला कुणाचा तरी जीव टांगलेला असतो, त्याला निर्धास्त राहता येत नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका देशात झाला. ओतशाळेत तापलेलं लोखंड साच्यात ओतलं, थंड झाल्यावर घासलं, चाकांना दाते पाडले, आणि मी तयार झालो. मला चालवून बघितलं, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि लगेच मला सुटं करून लाकडी पेट्यांत भरलं. धड एका पेटीत, चाकं दुसऱ्या पेटीत. जहाजाच्या पोटात मी काळोखात आपटत राहिलो. आपण पुन्हा एकसंध होऊ की नाही, हेसुद्धा ठाऊक नव्हतं. मग एका सकाळी पेटीभोवती दोर आवळले गेले आणि मी हवेत उचललो गेलो. वर क्रेन, खाली पाणी, आणि मधे तो एकच दोर करकरतोय! दोर म्हणजे काय चीज असते, ते मला त्या दिवशी कळलं.

धक्क्यावर मालक उभे होते. आडव्या अंगाचे, गडगडाटी हसणारे गृहस्थ. मला कारखान्यात नेऊन जोडलं, तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली, जणू मी त्यांचा जावईच.

इथे, ह्या देशात, तोवर बंदराच्या कामाला पुरेल असा दोर कुणी बनवतच नव्हतं. सगळा बाहेरून यायचा. तो स्वस्त असायचा, कारण तिकडचे कारखाने मोठे आणि मुरलेले. आपल्यासारख्या नवख्याने त्यांच्यापुढे उभं राहायचं म्हणजे पैलवानापुढे पाळण्यातलं मूल. म्हणून सरकारने बाहेरच्या दोरावर भारी कर बसवला. बाहेरचा माल बंदरात उतरला की आधी कर भरायचा, मगच तो बाजारात न्यायचा. कर वाढला की माल महाग होतो, आणि मग लोक घरचा माल घेतात.

"चालायला शिकणाऱ्या पोराला पांगुळगाडा लागतोच," मालक सगळ्यांना सांगत. "पायांत बळ आलं की देऊ सोडून."

मला चालवायला त्यांनी एका तरुण बाईला ठेवलं. तिचा नवरा जहाजावर स्वयंपाकी होता, वर्षाचा बराचसा काळ पाण्यावर. घरात ती आणि तिचा धाकटा दीर. हा दीर धक्क्यावर जहाजांतला माल उतरवायचा. पहिल्या दिवशी तोच तिला सोडायला आला. मला नखशिखांत न्याहाळून म्हणाला, "वहिनी, पदर खोचा आणि हात सांभाळा. हे धूड तुम्हाला डब्यासकट गिळेल."

"तुमची भूक बघितल्यावर मला कुणाचं भय वाटतंय, भावजी?" ती म्हणाली.

सगळा कारखाना हसला. तेव्हापासून ती सगळ्यांचीच वहिनी झाली, अगदी मालकांचीसुद्धा. आणि तो झाला सगळ्यांचा भावजी.

वहिनी बोलायला धीट, पण माझ्याजवळ आली की तिचा श्वास जोरात चाले. तिला माझी भीती, आणि मला तिच्या बोटांची. माझ्या फिरत्या चाकांत एखादं बोट गेलं तर मला थांबता येत नाही. आम्ही दोघं एकमेकांना भिऊन होतो, म्हणून तर आमचं जमलं. ती कधी गाफील राहिली नाही.

दोर कसा होतो, ते सांगतो. आधी सुताला एका बाजूने पीळ द्यायचा आणि त्याचे जाड पेड करायचे. मग तीन पेड एकत्र घेऊन त्यांना उलट्या बाजूने पीळ द्यायचा. एक पीळ सुटू बघतो, तेव्हा दुसरा त्याला आवळून धरतो. दोन्ही पीळ एकाच बाजूचे दिले, तर दोर क्षणात उकलून पडेल. आमच्या दोराच्या पोटात एक निळा धागाही असे. दोर कुठेही गेला, तरी तो आमचा आहे, हे त्यावरून ओळखू येई.

दोर तयार झाला की त्याचा एक तुकडा ताणाच्या चौकटीत अडकवत. दोन्ही टोकांना आकडे, आणि ओढायचं, ओढायचं, तो तुटेपर्यंत ओढायचं. तुटताना बंदुकीच्या बारासारखा आवाज व्हायचा. दर वेळी मी दचके. पण ठरलेला ताण सोसून दोर तुटला, की वहिनी हात वर करायची आणि माझ्या जिवात जीव यायचा.

ती वर्षं कौतुकाची होती. एक म्हातारा होडीवाला दोर न्यायला यायचा. एकदा म्हणाला, "पोरी, ह्या दोराला बांधून मी माझ्या म्हातारीलासुद्धा समुद्रात सोडीन!"

"म्हातारीला विचारलंत का?" वहिनीने विचारलं.

"विचारलं ना. ती म्हणते, दोर एवढा चांगला असेल तर आधी तुम्ही उतरा."

मित्रांनो, वाईट दिवस येताना ढोल वाजवत येत नाहीत. चांगले दिवस चालू असतानाच ते मागच्या दाराने आत येऊन बसतात.

कारखाना चालायला लागला, धावायला लागला, तरी पांगुळगाडा सुटला नाही. कराची मुदत संपत आली की मालक राजधानीला जात आणि ती वाढवून आणत. एकदा वहिनीने विचारलं, "मालक, गाडा कधी सोडायचा?"

"अगं, चाललंय ना सगळं?" ते हसून म्हणाले.

मग आमचं बघून सूत बनवणाऱ्यांनी बाहेरच्या सुतावर कर मागितला. त्यांना तो मिळाला. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्यांनी मागितला. त्यांनाही मिळाला. ज्याने त्याने आपापलं दार लावून घेतलं. आता चांगलं लांब धाग्याचं सूत परवडेना. आखूड, कुसळासारखं सूत यायला लागलं. अशात माझं पिळाचं चाक झिजलं. ते माझ्या माहेराहूनच मागवायला हवं होतं, पण करासकट त्याची किंमत ऐकून मालकांनी कानावर हात ठेवले. गावातल्या लेथवाल्याने दुसरं करून दिलं. त्याने जीव ओतून केलं, पण त्याला मिळालेलं लोखंडच मऊ. थोड्याच दिवसांत त्याचे दाते बोथट झाले.

तेव्हा मला पहिल्यांदा ते जाणवलं. मधूनच माझं चाक निसटायचं. क्षणभरच. पण त्या क्षणात दोराचा पीळ सैल पडायचा. तो सैल तुकडा माझ्या अंगावरून पुढे सरकायचा, वेटोळ्यात जाऊन बसायचा, वरून काही म्हणजे काही दिसायचं नाही. मी खडखडून ओरडायचो. लोकांना वाटायचं, जुनं झालंय, कुरकुरतंय.

वहिनीच्या बोटांना मात्र कळलं. ती मालकांकडे गेली.

"पीळ सैल पडतोय. बोटाला लागतोय."

"बोटं म्हातारी झाली तुझी, वहिनी."

"माझी बोटं झाली असतील म्हातारी. दोर तर आजचा आहे ना? निदान ताण तरी देऊन बघू."

ताणाची चौकट तेव्हा ताडपत्रीखाली झाकलेली होती. चाचणीत दोर वाया जातो, वेळ जातो, म्हणून ती बंद केली होती. मालक म्हणाले, "कशाला हवीय चाचणी? दुसरा दोर आहे कुठे बाजारात? घेतील झक मारत!"

ते हसले. पण त्या हसण्यात पूर्वीचा गडगडाट नव्हता.

त्यानंतर माझं असं झालं, की रोज सकाळी दार उघडलं की मी आधी धक्क्याकडे बघायचो. आमचं दार थेट धक्क्यावर उघडतं. क्रेनला लटकणारं प्रत्येक ओझं मी ते खाली टेकेपर्यंत बघत राहायचो. एक टेकलं की दुसरं वर. ते टेकलं की तिसरं. भीती म्हणजे काय, तर ही, की घडणार हे माहीत असतं आणि कधी ते माहीत नसतं.

एका लख्ख सकाळी मी तो आवाज ऐकला. बंदुकीच्या बारासारखा. ताणाच्या चौकटीवर तर ताडपत्री होती.

मग किंकाळी. मग धावणारी पावलं. वहिनीने मला बंद केलं आणि ती तशीच अनवाणी धावली. मला काही दिसत नव्हतं. फक्त माणसांच्या पाठी दिसत होत्या, आणि क्रेनला लोंबणारं दोराचं टोक.

जहाजातून पेट्या उतरवताना दोर तुटला होता. भावजी खाली उभा होता. बाजूला उडी मारायला त्याला जेवढी सवड मिळाली, तेवढ्यात त्याचं अंग वाचलं, पण उजवा पाय पेटीखाली सापडला.

त्याचे सोबती तुटलेला दोर घेऊन कारखान्यात आले आणि त्यांनी तो माझ्यापुढे जमिनीवर टाकला. वहिनी त्यांच्या मागोमाग आली. तिने खाली बसून टोक उसवलं. आत निळा धागा होता.

"आपलाच," ती म्हणाली.

मालक दारात उभे होते. त्यांनी चौकटीवरची ताडपत्री आपल्या हाताने ओढून काढली. पण आता काय उपयोग? वरातीमागून घोडं.

भावजी वाचला. पाय मात्र कायमचा अधू झाला, हातात काठी आली. धक्क्यावरचं ओझ्याचं काम सुटलं आणि त्याला गोदामाच्या राखणीचं काम मिळालं. पहिल्यासारखा तो दुपारी वहिनीसोबत डबा खायला माझ्या चौथऱ्यावर येऊन बसे. पण क्रेनकडे तोंड करून कधी बसत नसे. एखादी साखळी खणकली तरी त्याच्या हातातला घास खाली पडे.

धक्क्यावरची माणसं आता पेटून उठली. होडीवाले त्यांना मिळाले. "आमच्या जिवावर ह्यांचं कुंपण नको! बाहेरचा दोर येऊ द्या!" अशा घोषणा आमच्या दारावरून गेल्या. त्यात भावजीही होता, काठी टेकत. वहिनीने त्याला बघितलं आणि मान खाली घातली. तिला त्याचा राग धरता येईना, आणि त्याच्यासोबत जाताही येईना.

सरकार घाबरलं. आणि घाबरलेला माणूस करतो तेच सरकारने केलं. इतकी वर्षं घट्ट लावलेलं दार एका झटक्यात सताड उघडून टाकलं. दोरावरचा कर गेला. यंत्रांच्या भागांवरचाही गेला. सुतावरचा तेवढा राहिला, कारण सूतवाल्यांचं राजधानीत कुणीतरी ऐकणारं होतं. म्हणजे बघा, बाहेरचा तयार दोर फुकट आत, आणि दोर ज्याच्यापासून करायचा त्या सुतावर कर!

पहिल्या जहाजातून बाहेरचा दोर उतरला, तो मी दारातून बघितला. पांढराशुभ्र, गुळगुळीत, एकसारखा वळलेला. खोटं कशाला बोलू? चांगला होता. त्याच जहाजातून एका छोट्या पेटीत माझं पिळाचं चाक आलं, माझ्या माहेरचं. कर नसल्याने मालकांना ते परवडलं. वहिनीने ते बसवलं, वंगण घातलं, आणि मी कितीतरी वर्षांनी न निसटता फिरलो. पीळ घट्ट बसायला लागला. पण आता घेणारं कोण होतं?

दोर वेटोळ्यांवर वेटोळी साचत गेला. एकेक कामगार कमी झाला. एका दुपारी वहिनी आणि भावजी डबा उघडून बसले होते. दोघांनी घास उचलला नव्हता.

"आज किती उतरला?" तिने विचारलं.

"पुष्कळ."

"भावजी, माझ्या पोटावर पाय देणारा माल तुम्ही राखत बसता."

भावजीने काठी बाजूला ठेवली. "वहिनी, द्यायला पाय कुठाय? तो तर तुमच्या दोराने नेला."

बोलून गेला आणि त्याचाच चेहरा पडला. तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, आता हे घर तुटणार. दोघांचंही खरं होतं, मित्रांनो. खऱ्याची आणि खोट्याची भांडणं मिटतात. दोन्ही बाजूंनी खऱ्याचीच असली, की बघणाऱ्याचा थरकाप होतो.

मग भावजी म्हणाला, "चुकलं माझं."

"तुमचं नाही चुकलं," वहिनी म्हणाली, आणि तिने त्याच्या पुढ्यात पोळी सरकवली. "खा. काम दोघांचं गेलं, तरी भूक काही जायची नाही."

थोड्याच दिवसांत मालकांनी साचलेला दोर मिळेल त्या भावाने परगावच्या व्यापाऱ्याला विकून टाकला, आणि कारखान्याला कुलूप लागलं. त्याआधी एक भंगारवाला येऊन गेला. त्याने माझ्या अंगावर हातोडीने टकटक केली, आवाज ऐकला आणि खडूने माझ्या पोटावर मोठी फुली मारली. "फोडून न्यावं लागेल," तो म्हणाला. दार लागलं, काळोख झाला. उंदीर माझ्या चाकांतून फिरायला लागले. बाहेर पाऊल वाजलं, की मला वाटे, आले! हातोडे घेऊन आले!

पण भंगारवाला यायच्या आधी दुसरंच काहीतरी आलं. शांतता. बंदरात भोंगे वाजेनात. क्रेनची घरघर ऐकू येईना. दूर कुठेतरी दोन देशांचं बिनसलं होतं, मधला समुद्र बंद झाला होता, आणि आमच्याकडे येणारी जहाजं तिकडेच अडकली होती. दार सताड उघडं होतं, पण दारात येणारंच कुणी नव्हतं. धक्क्यावरची माणसं रिकामी बसली. बाहेरचा दोर संपला. इथला कारखाना तर बंद. होड्यांचे दोर झिजले, गाठी मारून वापरले, गाठी सुटल्या.

आणि वादळाचा इशारा आला.

कुलूप काढल्याचा आवाज ऐकून मी गारठलो. पण दारात हातोडे नव्हते. मालक होते, वहिनी होती, भावजी होता, तो म्हातारा होडीवाला होता आणि त्याच्यामागे सगळा होडीवाल्यांचा जमाव. उद्या दुपारपर्यंत वारा येणार होता, आणि होड्या बांधायला दोर नव्हता.

"सूत कुठाय पण?" मालक हताश होऊन म्हणाले.

"माझ्या गोदामात," भावजी म्हणाला. "चांगल्या सुताच्या गासड्या आहेत. कर भरायला नको म्हणून ज्यांच्या त्यांनी सोडून दिल्यात."

त्या गासड्यांवर कस्टमचं सील होतं. कस्टमच्या अधिकारी बाईंना बोलावलं. बारीक चणीच्या, चष्मेवाल्या बाई. सील तोडायचा अधिकार त्यांचा, पण वरून परवानगी आल्याशिवाय तोडलं तर नोकरीवर बेतणारं. त्या गासड्यांपुढे क्षणभर उभ्या राहिल्या. मग स्वतःच्या हाताने सील तोडून म्हणाल्या, "न्या. वरचं मी बघते. मला भीती वाटतेय, तेव्हा कुणी विचार बदलायच्या आत न्या."

मी चालू झालो. जुनी माणसं धावत आली, न बोलावता. पहिलं वेटोळं तयार झालं. होडीवाले ते उचलायला पुढे आले, तर वहिनी आडवी उभी राहिली.

"ताण दिल्याशिवाय एक हातही दोर बाहेर जाणार नाही."

"अगं बाई, वारा येतोय!" एकजण ओरडला. "नसता शहाणपणा कशाला?"

"वारा येतोय म्हणूनच."

लोक चिडले. कुणीतरी तिला बाजूला सारायला हात पुढे केला. भावजीने आपली काठी मधे धरली. सगळ्यांची नजर त्याच्या पायाकडे गेली, आणि हात मागे गेले.

तुकडा चौकटीत अडकवला. ओढला. मला माझ्या चाकाची खात्री होती. आणि धाडकन आवाज झाला. फार लवकर. दोर निम्म्या ताणातच तुटला.

वहिनीने तुटलेलं टोक उचललं, उसवलं, नाकाशी धरलं. "सूत कुजलंय. गासडीचा बाहेरचा थर ओल लागून गेलाय. आतलं बघा."

बाहेरचे थर सोलून काढले. आत सूत कोरडं, लांब, चकचकीत. पुन्हा वळलं. पुन्हा ताण. ह्या वेळी चौकट कण्हली, आकडे वाकतील असं वाटलं, तेव्हा कुठे दोर तुटला. वहिनीने हात वर केला.

मग मी थांबलोच नाही. होडीवाले वेटोळी खांद्यावर टाकून पळत होते, मालक सदरा काढून सूत वाहत होते. आकाश काळवंडलं, पत्रे वाजायला लागले, आणि वारा आला. तो नुसता वारा नव्हता. छपराचा एक कोपरा त्याने कागदासारखा उचलला. मी आतून फक्त ऐकत होतो. किनाऱ्यावर शेकडो दोर एकाच वेळी करकरत होते, आणि त्यात एखादा बार कधी ऐकू येतो, म्हणून मी कानांत प्राण आणून बसलो होतो.

वारा ओसरला तेव्हा होड्या जागेवर होत्या. सगळ्या नाहीत. दोन होड्या गेल्या. दोर त्यांच्यापर्यंत पोहोचला नव्हता. त्या जुन्याच दोरांनी बांधलेल्या होत्या. त्यांतली एक त्या म्हाताऱ्या होडीवाल्याची. त्याने आपलं वेटोळं शेजारच्या बाईला देऊन टाकलं होतं, तिच्या होडीवर तिचं सगळं घर चालतं म्हणून. तो आमच्या दारात येऊन बसला. वहिनीने त्याला पाणी दिलं. तो म्हणाला, "होडी काय, होडीच होती." आणि मग बराच वेळ रडला.

वादळानंतर मालकांनी कारखान्याला पुन्हा कुलूप लावलं नाही, आणि माझ्या पोटावरची फुली पुसून टाकली. पुढे जहाजं पुन्हा सुरू झाली. एक दिवस त्या कस्टमच्या बाई कारखान्यात आल्या. सील तोडल्याबद्दल त्यांची चौकशी झाली होती, पण नोकरी राहिली होती. उलट आता सरकारने त्यांनाच विचारलं होतं, की दोराच्या व्यापाराचं काय करावं. त्या माझ्या चौथऱ्यावर बसल्या.

"सांगा, दार लावू की उघडं ठेवू?"

मालक पटकन म्हणाले, "लावा."

भावजी म्हणाला, "उघडं ठेवा. जहाजं आली नाहीत तर धक्का उपाशी मरतो. आणि दार लावलं की काय होतं, ते हा पाय सांगेल."

"आणि सताड उघडलं की काय होतं, ते हे कुलूप सांगेल," वहिनी म्हणाली. "बाई, माझं विचाराल तर आधी सुतावरचा कर काढा. आम्हाला बांधून ठेवून शर्यत लावू नका."

बाई हसल्या नाहीत. "तो मी काढायला सांगेन. सूतवाले चिडतील. त्यांच्याकडेही वहिनी असतीलच, त्यांचाही विचार करावा लागेल. दोरावर थोडा कर ठेवू. भिंत नाही, उंबरठा. तोही दर वर्षी कमी करत नेऊ, आणि किती ते आधीच जाहीर करू, म्हणजे कुणाला राजधानीला जाऊन वाढवून आणता येणार नाही." मालकांनी मान खाली घातली. "आणि दोर घरचा असो की बाहेरचा, ताण दिल्याशिवाय विकायचा नाही."

"जमेल?" भावजीने विचारलं.

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. "एकीकडे जास्त कललं तर कारखाने झोपतात, दुसरीकडे कललं तर मरतात. दर वर्षी पुन्हा बघावं लागेल. मला रोज भीती वाटते, की आपण चुकतोय."

मला त्या बाई तेव्हाच आवडल्या.

तसंच झालं, जवळजवळ. आता कारखान्यात पूर्वीपेक्षा कमी माणसं आहेत. काहीजण परत आलेच नाहीत. मालकांनी जाड, बंदरी दोरावरच लक्ष दिलं आहे. बारीक दोर बाहेरून येतो, आणि तो आमच्यापेक्षा चांगला असतो. आमचा काही दोर आता जहाजाने बाहेरही जातो. चाचणीला दोन्ही दोर आमच्याच चौकटीत येतात. कधी त्यांचा आधी तुटतो, कधी आमचा. आमचा तुटला की मालक दिवसभर कुणाशी बोलत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येतात.

यंदा कर आणखी उतरणार आहे. आम्ही टिकू का? मला नवीन चाकं लागतील का, की माझ्या जागी दुसरंच यंत्र येईल? मला ठाऊक नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणी मोठं होऊन त्या बाईंच्या खुर्चीवर बसेल. देशाच्या दाराची कडी तुमच्या हातात येईल. ती लावायच्या आधी बघा, आत कोण कोंडलं जातंय. ती काढायच्या आधी बघा, दाराला टेकून कोण उभं आहे. घाईने लावू नका, घाबरून काढू नका, आणि एकदा ठरवलं म्हणून विसरून जाऊ नका. दाराचंसुद्धा वंगण संपतं. तेही अधूनमधून तपासावं लागतं.

बाहेर जहाजाचा भोंगा वाजतोय. माल उतरायला सुरुवात झाली आहे. त्यात आमच्यासाठी सूत असेल, किंवा आमचं गिऱ्हाईक नेणारा दोर असेल, कदाचित दोन्ही. भावजी काठी टेकत गोदाम उघडायला निघाला आहे. वहिनीने पदर खोचला, माझ्या चाकावरून एकदा हात फिरवला आणि बटण दाबलं. आता मला बोलता येणार नाही. पेड घट्ट धरायचे आहेत.